फुल, बिनबर्फाचा

बे एरियात राहणाऱ्या मराठी माणसाने खाण्यापिण्याच्या बाबतीत रडू नये. म्हणजे तसा नैतिक अधिकारच त्याला नाही. सनीवेल-फ्रीमाँटकडे वडापाव मिळतो, मिसळ मिळते, पावभाजी तर चार पावलांवर मिळते. दिवाळीत चकल्या-कडबोळी करून देणाऱ्या काकू आहेत, गणपतीत उकडीच्या मोदकांची ऑर्डर घेणाऱ्या आहेत. देसी दुकानात कोकम, गोडा मसाला, भाजणी, सगळं रांगेने मांडलेलं असतं. त्यामुळे "मला इथे अमुक मिळत नाही हो" असं कोणी म्हणालं की, मालवणात राहून मासे मिळत नाहीत म्हणणाऱ्याकडे बघावं तसे बाकीचे त्याच्याकडे बघतात.

तरीही सांगतो. इथे आल्यापासून तीन वर्षं मला एक गोष्ट मिळत नव्हती. उसाचा रस.

हसू नका. चहा कुठेही उकळता येतो, ताक कुठेही घुसळता येतं. रसाचं तसं नाही. रसाला ऊस लागतो, चरक लागतो, आणि पिणारा चरकापासून चार फुटांवर उभा असावा लागतो. का ते पुढे सांगतो. आधी थोडं माझ्याबद्दल.

माझं गाव कराड तालुक्यातलं, कृष्णेच्या काठचं. घरची साडेतीन एकर जमीन, त्यातली तीन एकर उसाखाली. आजोबांच्या वेळी सातशेचाळीस होता, आप्पांच्या वेळी शहाऐंशी-शून्य-बत्तीस आला. (शहरी मंडळींसाठी: हे उसाच्या जातींचे नंबर आहेत, को ७४० आणि को ८६०३२. यातला 'को' म्हणजे कोइमतूर, तिथल्या ऊस पैदास संस्थेचा. आमच्याकडे पोराला तेराचा पाढा यायच्या आधी हे नंबर येतात.) घरात एवढा ऊस असताना विकतचा रस पिणं ही आप्पांच्या मते शुद्ध उधळपट्टी. "ऊस दातानं खायचा असतो. प्यायला काय आजारी हाईस का?" हे त्यांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय.

पण आईबरोबर कराडला गेलं की गोष्ट वेगळी असायची. एसटी स्टँडवर उतरलं की घुंगरांचा आवाज कानावर यायचा, आणि आई इकडेतिकडे बघून हळूच म्हणायची, "एक फुल घेऊ, दोघांत." लाकडी बाक, प्लास्टिकचा पिवळा जग, काउंटरवर मिठाची वाटी. घरच्या बांधावर खाल्लेल्या उसापेक्षा तो रस गोड कसा काय लागायचा हे मला कधी कळलं नाही. बहुतेक आप्पांना न सांगता प्यायचा म्हणून असेल.

पुढे इंजिनियरिंगला पुण्यात आलो आणि चार वर्षं रसावर काढली म्हटलं तरी चालेल. प्रत्येक रसवंतीचं नाव नवनाथ नाहीतर कानिफनाथ का असतं हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. पुरंदर तालुक्यात बोपगावजवळ कानिफनाथांचा गड आहे. त्या भागातल्या मंडळींनी हा धंदा पुण्या-मुंबईत नेला आणि जाताना देवाचं नावही बरोबर नेलं. घुंगरांचं असं सांगतात की पूर्वी चरक बैल ओढायचे, बैलांच्या गळ्यात घुंगरं असायची. मोटर आली, बैल गेले, घुंगरं मात्र चाकाला बांधून तशीच ठेवली, कारण गिऱ्हाईक त्या आवाजाला ओळखत होतं. सॉफ्टवेअरमध्ये याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात.

तर अमेरिकेत आल्यावर पहिला उन्हाळा लागला आणि शोध सुरू झाला.

पहिला पडाव, डबा. आशियाई सुपरमार्केटमध्ये उसाचा रस चक्क टिनच्या डब्यात मिळतो. मी हर्षभराने चार डबे आणले. पहिला घोट घेतला आणि गुऱ्हाळ आठवलं. रस नाही, गुऱ्हाळ! कढईत रस तापायला लागल्यावर सुरुवातीला जो वास सुटतो ना, तो. याचं कारण नंतर वाचलं. उसाच्या रसात आंबटपणा फार कमी असतो. अशी गोष्ट डब्यात महिनोन्महिने टिकवायची तर ती चांगलीच कडक तापवावी लागते, नाहीतर त्यात नको ते जंतू वाढतात. म्हणजे डब्यातला रस हा रस नसतोच, ती काकवीच्या दिशेने निघालेली आणि अर्ध्या वाटेत उतरलेली वस्तू असते. उरलेले तीन डबे रूममेटने व्होडकात घालून संपवले. त्याला आवडले.

दुसरा पडाव, ऊस. डिसेंबरमध्ये एका मेक्सिकन दुकानात अचानक दारातच उसाची मोळी दिसली. मी तिथेच थबकलो. मेक्सिकन लोक ख्रिसमसच्या सुमारास 'पोन्चे' नावाचं गरम पेय करतात, त्यात फळांबरोबर उसाचे करवे टाकतात, म्हणून त्या दिवसांत ऊस येतो. दोन कांडकी घेतली. घरी येऊन सुरीने सोलली, तुकडे केले, मिक्सरमधून काढले, फडक्यातून पिळले. हाताशी आलं ते राखाडी रंगाचं, फेसाळ आणि चिपाडाच्या चवीचं. चरकाचे रूळ ऊस दाबतात, रस बाहेर येतो आणि चोथा मागे राहतो. मिक्सरचं पातं सालीपासून गाभ्यापर्यंत सगळ्याचा भुगा करतं, वर त्यात हवा घुसळतं. उसातलं पॉलीफेनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम हवेची वाटच बघत असतं. हवा लागली की रस काळवंडतो. सफरचंद कापून ठेवल्यावर होतं तेच, पण जास्त जोरात. त्यातच रसातली साखर आंबवायला जंतू टपलेले असतात. म्हणून रस काढल्या काढल्या प्यायचा. म्हणून चार फुटांचं अंतर.

(उरलेलं कांडकं मी बाल्कनीत बसून दाताने खाल्लं. आप्पांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. प्रचंड खूश झाले. "आता कसं! पार्सल धाडू का मोळी?" परदेशी ऊस अमेरिकेत असा आणता येत नाही, रोग-किडीच्या भीतीने बंदी असते, हे सांगितल्यावर म्हणाले, "आपल्या उसाला कसला रोग?" आणि बराच वेळ त्यांना वाईट वाटत राहिलं.)

तिसरा पडाव, मशीन. टेबलावर ठेवायचा छोटा चरक ऑनलाईन मिळतो. मी तो कार्टमध्ये टाकला, काढला, परत टाकला. शेवटी रूममेट मंडळाने ठराव पास केला की चरक आला तर मी जायचं.

चौथा पडाव, माहिती. ऑफिसात मूळचा क्यूबन असलेला एक जण आहे. त्याच्याकडे विषय काढला तर त्याचे डोळेच चमकले. "गुआरापो!" मायामीत, क्यूबन वस्तीत, ताज्या रसाचे गाडे आहेत म्हणे. मायामी इथून चार हजार किलोमीटरच्या वर. मग कळलं की ब्राझीलमध्ये लोक तळलेल्या 'पास्तेल'बरोबर रस पितात, इजिप्तमध्ये कैरोच्या गल्लीबोळात रसाची दुकानं असतात, आणि पाकिस्तानात २०१९ साली सरकारने ट्विटरवर कौल घेतला तेव्हा राष्ट्रीय पेय म्हणून उसाचा रस निवडून आला. म्हणजे ज्याला मी कराडच्या स्टँडची खासगी मालमत्ता समजत होतो, ते अर्ध्या जगाचं पेय निघालं. फक्त मी जिथे बसलो होतो तिथे नव्हतं.

तसं वाटत होतं. टीममधली एक व्हिएतनामी मुलगी हे सगळं ऐकत होती. ती शांतपणे म्हणाली, "सॅन होजेला जा. स्टोरी रोड."

सॅन होजे माझ्या घरापासून पंचवीस मिनिटांवर आहे. तिथे एक लाखाहून जास्त व्हिएतनामी लोक राहतात, व्हिएतनामबाहेरच्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. १९७५ मध्ये सायगाव पडलं, त्यानंतर पुढची वीसेक वर्षं हे लोक येत राहिले. स्टोरी रोड, टली रोड, त्यांचे मॉल, त्यांची दुकानं. तिकडे जायचं कधी मनातच आलं नव्हतं, कारण आपली अमेरिका म्हणजे ऑफिस, देसी दुकान आणि मधला फ्रीवे.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी गेलो. एका फूड कोर्टच्या कोपऱ्यात स्टीलचं मशीन, शेजारी सोललेल्या उसाच्या कांड्या बादलीत उभ्या, आणि मागे सत्तरीच्या आसपासच्या एक बाई. मशीन विजेचं, बंद डब्यासारखं. घुंगरं अर्थातच नाहीत. बाईंनी ऊस आत सारला, तो पलीकडून निघाला, त्यांनी घडी घातली आणि घडीत छोटी नारिंगी फळं दाबून परत सारला. ही लिंबाच्या गोतातली फळं, ते 'ताक' म्हणतात (गंमत बघा). आपल्याकडे रसवंतीवाला घडीत आलं-लिंबू दाबतो, अगदी तसंच. आंबटपणा आला की ते रस काळा करणारं एन्झाइम मंदावतं. कराडच्या आणि मेकाँगच्या कुठल्याही रसवाल्याने हे पुस्तकात वाचलं नव्हतं, पण दोघांनाही ठाऊक होतं.

किंमत सहा डॉलर. मी म्हटलं, बर्फ नको. बाईंनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि ग्लास काठोकाठ भरून दिला.

चवीबद्दल फार लिहीत नाही. तोच होता. आल्याचा झटका नव्हता, मीठ नव्हतं, त्या फळाचा किंचित संत्र्यासारखा वास होता. पण खाली तोच होता. मी तिथेच उभ्याने संपवला आणि दुसरा मागितला.

दर रविवारी जायला लागलो. बाईंना इंग्रजी जेमतेम येतं, पण तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारलंच की मी कुठला. मी फोनमधला फोटो दाखवला, आप्पा उसाच्या फडापुढे उभे आहेत तो. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आप्पांना नाही, उसाला. कांड्या बघितल्या, पानं बघितली.

"कोणाचा?"

"माझ्या वडिलांचा."

"आमचा पण होता," त्या म्हणाल्या. "नदीजवळ. आता कोणाकडे आहे माहीत नाही." मग पुढचं गिऱ्हाईक आलं आणि त्या वळल्या.

आता इथे मला दुसरी गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्याच महिन्यांत चालू होती. जानेवारीत आमच्या खोडव्याची तोड झाली. तोड नेहमीसारखी उशिरा. तुरे आले, वजन घटलं, टोळीने वर खुशालीचे पैसे मागितले. बीडकडून येणाऱ्या या टोळ्या दरवर्षी कमी होत चालल्यात, आणि त्यांच्या पोरांनी कोयता हातात धरू नये असं वाटणं चूक आहे असं कोण म्हणेल? आप्पा आता पासष्टीचे आहेत. गुडघे बोलतात. त्या रात्री त्यांनी फोनवर विचारलं, "निडवा ठेवत नाही, मोडतो. ताग करून गाडतो. पण पुढं काय करायचं? आषाढात आडसाली लावू, का जमीन खंडानं देऊ? शेजारचा मागतोय."

प्रश्न साधा वाटतो. पण आडसाली लागण म्हणजे दीड वर्षाचं पीक, मग खोडवा, एक वर्ष. म्हणजे अडीच वर्षांची कमिटमेंट. आप्पा मला पिकाबद्दल विचारत नव्हते. अडीच वर्षांनी तू कुठे असशील, हे विचारत होते. आणि त्याच आठवड्यात कंपनीनेही विचारलं होतं, ग्रीन कार्डची फाईल सुरू करायची का? एच-१बीची सहा वर्षं, त्यातली तीन गेली. फाईल टाकली तर भारतीयांच्या रांगेत उभं राहायचं, आणि ती रांग वर्षांची नाही, दशकांची आहे. दोन्हीकडे मी "सांगतो" म्हणालो होतो.

बाईंच्या त्या वाक्यानंतर घरी येऊन उसाबद्दल जे सापडेल ते वाचत बसलो. ऊस मुळात आपला नाहीच. माणसाने तो पहिल्यांदा लावला न्यू गिनीत, हजारो वर्षांपूर्वी. तिथून तो आशियात पसरला. भारतात त्याची साखर झाली, 'शर्करा' हा शब्द पश्चिमेकडे जाता जाता 'शुगर' झाला. १४९३ मध्ये कोलंबसाने दुसऱ्या सफरीत तो कॅरिबियन बेटांवर नेला. उसामागे माणसं नेली, बहुतेक वेळा जबरदस्तीने. गुलामी संपली तेव्हा १८३४ पासून भारतातून गिरमिटिये मॉरिशसला नेले, त्यात कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. विमानाने आलेल्या आणि एसीत बसणाऱ्या माझी त्यांच्याशी बरोबरी करणं लाजिरवाणं होईल. बाईंशी तर नाहीच नाही. त्यांना परतीचा रस्ता नव्हता. मला आहे, आणि नेमकी तीच माझी अडचण आहे.

व्हिएतनामी भाषेत रसाला 'नुक मिया' म्हणतात. मिया म्हणजे ऊस, नुक म्हणजे पाणी. टीममधल्या त्या मुलीने सांगितलं की त्यांच्याकडे देशालाही नुकच म्हणतात, पाणी आणि देश एकच शब्द. मला ते ऐकून आमची कृष्णा आठवली, आणि हेही लक्षात आलं की तीन वर्षं मी जे शोधत होतो ते पंचवीस मिनिटांवर सहा डॉलरला मिळत होतं. चव मिळवणं हे त्यातल्या त्यात सोपं काम होतं. चव सापडेपर्यंत सगळं दुःख रसाच्या नावावर टाकता येत होतं. रस मिळाला आणि ती सोय गेली. आप्पांचा प्रश्न तेवढा राहिला.

जूनमध्ये फोन केला. म्हटलं, "आप्पा, ग्रीन कार्डची फाईल मी करत नाहीये. व्हिसाची तीन वर्षं आहेत ती पुरी करतो. लागणीला येतो, पंधरा दिवस रजा टाकलीय. पहिल्या तोडीला नक्की सांगत नाही. खोडव्याला तिथे असेन." आधी आईला सांगितलं होतं, ती काहीच बोलली नव्हती. आप्पाही थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग दीड एकर लावतो. दीड खंडानं देतो. तू आलास तर मोडून घेऊ, नाय आलास तर त्याला सगळी देऊ." म्हणजे त्यांनी माझ्या शब्दावर अर्धाच विश्वास ठेवला. मला ते बरोबर वाटलं. मीही स्वतःवर साधारण तेवढाच ठेवतो.

मग त्यांनी विचारलं, "त्यो रस केवढ्याला म्हणालास?"

"सहा डॉलर. पाचशे रुपये."

पलीकडे हिशोब चालू झाल्याचं मला इथे ऐकू आलं. उसाला टनाला मिळतात तीन-साडेतीन हजार. टनभर उसातून रस निघतो चार-पाचशे लिटर.

"म्हंजे सात ग्लासांत माझा एक टन ऊस पिलास की रं!"

मी आतापर्यंत किती ग्लास प्यायलो हे काही त्यांना सांगितलं नाही.

असो. स्टोरी रोडला जाणार असाल तर रविवारी सकाळी लवकर जा, दुपारी रांग असते. आल्याचा तुकडा खिशातून नेला तरी चालतो, बाई काही म्हणत नाहीत, घडीत घालून देतात. आणि बर्फ नको हे आधीच सांगा. नाहीतर सहा डॉलरमधले तीन डॉलर बर्फाचे.